चित्राशेजारच्या पाटीवरची रिकामी ओळ

आधुनिक कलेची संग्रहालयं सांभाळणाऱ्या, प्रदर्शनं मांडणाऱ्या आणि चित्राशेजारच्या पाट्या लिहिणाऱ्या सर्व क्युरेटरांना,

सप्रेम नमस्कार.

मी मॉडेल आहे. गेली चौदा वर्षं चित्रकारांपुढे आणि चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींपुढे बसतो, उभा राहतो, आडवा पडून राहतो. कधी कपड्यांत, बऱ्याचदा कपड्यांशिवाय. तुमच्या दालनांत आलो की माझी नजर आधी चित्रातल्या माणसाच्या पायांकडे जाते. भार कुठल्या पायावर घेतलाय, कोपर कशावर टेकलंय, मान तशी वळवून किती वेळ धरता आली असेल, हे मी बघतो. ती पोज माझ्या अंगात उतरते. मग पाटी वाचायला पुढे सरकतो.

पाटीवर चित्रकाराचं नाव असतं, त्याच्या जन्ममृत्यूची सालं असतात. चित्राचं नाव, ते कधी केलं, कॅनव्हासवर तैलरंग, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. खाली, ते चित्र संग्रहालयाला कुणी भेट दिलं त्याचं नाव. आणि समोर जो माणूस दिसतोय, ज्याला बघायला लोक रांगा लावतात, त्याच्या नावाची ओळ बहुतेक वेळा नसतेच. ती ओळ तुम्ही घालावी, एवढं मागण्यासाठी हे पत्र. मागणं एका ओळीचं असलं तरी त्यामागे दीडशे वर्षांचा थकलेला हिशेब आहे, म्हणून पत्र लांबणार आहे.

आधी बसण्याबद्दल सांगतो. लांब पोज असली की चौथऱ्यावर माझ्या टाचांभोवती खडूची रेघ मारतात. पाच मिनिटांच्या सुट्टीनंतर पाय पुन्हा त्याच रेघेत यायला हवेत. नजरेसाठी मी भिंतीवर एक जागा पकडतो. सध्या जिथे बसतो तिथे एक खिळा आहे, त्याच्या माथ्यावरचा रंग उडालाय, आणि त्या उडालेल्या रंगाचा आकार मी डोळे मिटूनही काढून दाखवीन. पहिली दहा मिनिटं सोपी जातात. मग ज्या मांडीवर भार आहे तिथून मुंग्या चढायला लागतात. हीटर एकाच बाजूला असतो, त्यामुळे डावं अंग तापतं आणि उजव्यावर काटा येतो. खांदा हळूहळू उतरतोय हे माझं मला कळत नाही, समोरच्याला कळतं. ‘उजवा खांदा जरा वर,’ असं कुणीतरी म्हणतं, आणि तो दोन बोटं वर घेताना सगळी पाठ पणाला लागते. श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, कारण बरगड्या हलल्या की त्यांवरची सावली हलते आणि समोर तीन तास ती सावली रंगवणारा माणूस असतो.

या कामानं मला एक गोष्ट शिकवली. हसू धरून ठेवता येत नाही. हात तासभर धरता येतो, मान धरता येते, हसू पाच-सात मिनिटांत थरथरायला लागतं, मग ते हसू राहत नाही. म्हणून लांब पोजमध्ये अनुभवी मॉडेल चेहरा सोडून देतो. गाल सैल, ओठ मिटलेले, डोळे एका जागी.

आता फ्रेंच चित्रकार पोल सेझानची पत्नी ओर्तांस फिके हिची, त्यानंच काढलेली चित्रं आठवा. तैलरंगातली एकूण २९ व्यक्तिचित्रं. दोघांची ओळख १८६९ च्या सुमाराची. ती तेव्हा पुस्तकबांधणीचं काम करायची आणि मॉडेल म्हणूनही बसायची असं सांगतात. १८७२ मध्ये मुलगा झाला, लग्न मात्र १८८६ मध्ये, कारण बरीच वर्षं सेझाननं हे नातं आपल्या वडिलांपासून लपवून ठेवलं होतं. त्याच्या मित्रांनी तिला ‘चेंडू’ असं टोपणनाव दिलं होतं. आणि लिहिणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती चित्रं बघून तिला आंबट तोंडाची, कंटाळलेली, नवऱ्याच्या कलेची किंमत नसलेली बाई ठरवलं. सेझान किती सावकाश काम करायचा हे त्याच लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. एक फटकारा मारल्यावर दुसरा मारण्याआधी तो कितीतरी वेळ नुसता बघत राही. अशा माणसापुढे तासन्‌तास बसल्यावर चेहऱ्यावर दुसरं काय राहणार? मी त्या चित्रांपुढे उभा राहतो तेव्हा मला आंबटपणा दिसत नाही. कामावर असलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. ती माझ्या धंद्यातली बाई आहे, आणि तिनं आपलं काम चोख केलंय.

त्याच सेझानपुढे १८९९ मध्ये चित्रविक्रेता आंब्रुआझ व्होलार बसला. त्या बैठकांचं सगळं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. उंचावर कशीबशी टेकवलेली खुर्ची, तिच्यावर बसल्याबसल्या लागलेली डुलकी, खुर्चीसकट खाली कोसळणं, आणि सेझानचा संताप: सफरचंदासारखं बसायचं, सफरचंद हलतं का कधी? ११५ बैठका झाल्यावर सेझाननं ते चित्र तसंच सोडलं. शर्टाचा पुढचा भाग आपल्याला अगदीच वाईट वाटत नाही, एवढं मात्र तो म्हणाला.

११५ बैठका. हा आकडा आपल्याला माहीत आहे. लेखिका गर्ट्रूड स्टाइन १९०५-०६ मध्ये पिकासोपुढे ८०-९० वेळा बसली हेही माहीत आहे. इतक्या बैठकांनंतर पिकासोनं चेहरा पुसून टाकला, उन्हाळ्यात स्पेनला गेला, आणि परतल्यावर ती समोर नसताना नवा चेहरा रंगवला. लेखक जेम्स लॉर्ड १९६४ मध्ये शिल्पकार-चित्रकार जाकोमेत्तीपुढे १८ दिवस बसला. जपानी तत्त्वज्ञ इसाकु यानाइहारा त्याच जाकोमेत्तीपुढे १९५६ ते १९६१ या काळात दोनशेहून जास्त वेळा बसला, त्यापायी त्यानं मायदेशी परतणं लांबणीवर टाकलं. हे आकडे टिकले, कारण बसणारा माणूस लिहिणारा होता. लेखणी हातात असलेल्यांच्या बैठका मोजल्या गेल्या. ओर्तांसच्या २९ चित्रांसाठी किती बैठका झाल्या, याची बेरीज कुणी मांडून ठेवली नाही. व्होलार पडला त्याची गोष्ट झाली. ती कधी पडली असेल तर ते तिच्याबरोबर गेलं.

तुमच्या पाट्यांवर मला हाच फरक दिसतो. बसणारा प्रतिष्ठित असला की त्याचं नाव हेच चित्राचं नाव होतं. बसणारी गरीब असली की चित्राचं नाव होतं ‘पंखा घेतलेली स्त्री’, ‘आडवी नग्न स्त्री’, ‘निळ्या खुर्चीतली मुलगी’. खुर्चीचा रंग कळतो, मुलगी कोण ते कळत नाही.

या सगळ्याचं सर्वांत मोठं उदाहरण तुमच्यातल्याच एका संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यानं १८६३ मध्ये रंगवलेली ‘ऑलिंपिया’. १८६५ च्या सलाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत कलाप्रदर्शनात, ती लागली तेव्हा लोक इतके खवळले की शेवटी ती एका दरवाज्याच्या वर, कुणाचा हात पोचणार नाही इतकी उंच टांगावी लागली. चित्रात दोन स्त्रिया आहेत. पलंगावर पहुडलेली व्हिक्टोरीन म्युराँ. चित्र झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ती आपल्याकडे सरळ बघते. मॉडेल म्हणून सांगतो, ही नजर धरणं सर्वांत कठीण. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून न हलता राहायचं. मला त्यासाठी खिळा लागतो. या मुलीनं चित्रकारालाच धरून ठेवलंय, आणि तिच्या त्या धरून ठेवण्यावर आधुनिक चित्रकलेची अर्धी कहाणी उभी आहे.

ही व्हिक्टोरीन पुढे दारूपायी, वेश्याव्यवसायात अकाली संपली, असं बराच काळ सांगितलं जायचं. खरं असं की ती स्वतः चित्रकार झाली. सलाँमध्ये तिची चित्रं सहा वेळा लागली. १८७६ साली तिचं आत्मचित्र सलाँनं स्वीकारलं, आणि त्याच वर्षी मानेची चित्रं परत पाठवली. १८७९ मध्ये दोघांची चित्रं एकाच दालनात होती. ती ८३ वर्षं जगली, १९२७ मध्ये वारली. तिची थोडीच चित्रं आज हाती आहेत. आत्मचित्र २०२१ मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयानं घेतलं.

आणि एक पत्र आहे, जे आठवलं की माझ्या पोटात कालवतं. माने १८८३ मध्ये गेला. त्याच उन्हाळ्यात व्हिक्टोरीननं त्याच्या विधवा पत्नीला लिहिलं. आशय असा की चित्रं विकली गेली की तुला काही देईन असं त्यांनी मला सांगितलं होतं; तेव्हा मी तरुण होते, नको म्हटलं, बसणं होणार नाही त्या दिवशी आठवण करून देईन म्हटलं; तो दिवस आता आलाय. तिला काही मिळाल्याचं दिसत नाही. म्हातारपण येणार हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, कारण शरीर हेच आमचं भांडवल आणि ते रोज आमच्या डोळ्यांदेखत उतरत असतं. तोंडी शब्दावर विसंबून राहिलेली ती पहिली नव्हे आणि शेवटचीही नव्हे.

दुसरी स्त्री फुलांचा गुच्छ घेऊन पलंगामागे उभी आहे. तिचं नाव लोर. मानेच्या वहीत तिची नोंद आहे: लोर, अतिशय सुंदर कृष्णवर्णी स्त्री, र्‍यू व्हँतिमिय ११, तिसरा मजला. मानेनं तिला आणखीही दोन चित्रांत रंगवलं. तरी शंभर वर्षांहून जास्त काळ या चित्रावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आणि लोर त्यांत ‘दासी’ म्हणून पार्श्वभूमीत उभी राहिली, पडद्यासारखी, उशीसारखी. वहीत पत्ता लिहिलेला असताना.

इथे तुमच्यातल्याच काहींचे मनापासून आभार मानायला हवेत. कला-अभ्यासक डेनिस मरेल यांनी लोरचा माग काढला, त्यातून २०१८ मध्ये न्यूयॉर्कला आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात कृष्णवर्णी मॉडेलांवरचं प्रदर्शन उभं राहिलं. ओर्सेनं त्या प्रदर्शनापुरती काही चित्रांची नावं बदलली आणि तिथे मॉडेलांची नावं लावली. मारी-गियमीन बेन्वा हिनं १८०० मध्ये केलेल्या एका व्यक्तिचित्राच्या जुन्या नावात फक्त वर्ण होता. त्या भिंतीवर ते ‘मादलेनचं व्यक्तिचित्र’ झालं. तेच चित्र, तोच डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल, आणि एकदम समोर कुणीतरी आहे असं वाटतं. म्हणजे हे करता येतं. प्रदर्शन संपल्यावरही करता येईल.

आता ‘प्रेरणा’ या शब्दाबद्दल. चौदा वर्षांत मला कुणी चित्रकाराची प्रेरणा म्हटलेलं नाही. पुरुष मॉडेलला तसं म्हणत नाहीत. जाकोमेत्तीचा भाऊ दिएगो आयुष्यभर त्याच्यापुढे बसला. त्याची नोंद भाऊ, सहायक, कारागीर अशी होते, आणि ते योग्यच आहे. पण बाई तेवढाच काळ बसली की ती प्रेरणा होते, प्रेयसी होते, आणि पाटीवरचा पुढचा मजकूर ती कधी आली, कुणाच्या आधी आली आणि कुणासाठी तिला सोडलं, याच्यावर खर्ची पडतो. डोरा मार पिकासोला भेटण्याआधीच नावाजलेली छायाचित्रकार होती, १९३६ च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनात तिचं काम होतं. १९३७ मध्ये पिकासोचं ‘गेर्निका’ हे प्रचंड चित्र तयार होत असताना तिनं त्याच्या एकेका टप्प्याची छायाचित्रं काढली. ते चित्र कसं घडत गेलं हे आज आपण बघू शकतो ते तिच्यामुळे. त्याच वर्षी पिकासोनं तिचा चेहरा घेऊन ‘रडणारी स्त्री’ रंगवली. लाखो लोकांच्या मनात ती रडतच राहिली. तिचा कॅमेरा दुसऱ्या खोलीत, काचेच्या पेटीत.

लिदिया देलेक्तोर्स्काया सायबेरियातून परागंदा होऊन फ्रान्सला आली आणि १९३२ मध्ये चित्रकार मातीसच्या स्टुडिओत मदतनीस म्हणून कामाला लागली. पुढे ती त्याच्यापुढे बसायला लागली. १९३५ मधलं ते मोठं गुलाबी नग्नचित्र तिचंच. त्या चित्राच्या वेगवेगळ्या अवस्थांची २२ छायाचित्रं आहेत. ती ओळीनं बघितली की कळतं, सुरुवातीला पलंगावर पहुडलेली खरीखुरी स्त्री आहे, आणि टप्प्याटप्प्यानं हात लांबतो, धड ताणलं जातं, चौकडीची चादर वर उचलली जाते. इतके दिवस कुणीतरी तसं पडून होतं म्हणून ते ताणणं शक्य झालं. लिदिया त्याच्यापुढे बसली, स्टुडिओ सांभाळला, कामाच्या नोंदी ठेवल्या, पत्रव्यवहार केला, आजारपण काढलं, १९५४ मध्ये तो जाईपर्यंत. त्यानं तिला दिलेली चित्रं तिनं रशियातल्या संग्रहालयांना देऊन टाकली. एवढ्या आयुष्याला ‘प्रेरणा’ हा शब्द पुरत नाही.

नाती होती, प्रेम होतं, छळही होता. ते लिहू नका असं मी म्हणत नाही. प्रेम आणि काम एकाच खोलीत चालायचं म्हणून तर हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा आहे. पण दोन्ही लिहा. ती त्याच्यावर प्रेम करायची हे लिहिताना, ती दिवसाचे किती तास न हलता बसायची हेही लिहा.

चौथऱ्यावरून उतरून ईझलमागे जाणाऱ्या बाईचं चित्र बघायचं असेल तर सुझान वालादों बघा. लहानपणी सर्कशीत काम करायची, पडली, कसरत सुटली, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी मॉडेल झाली. प्युव्ही द शावान, रनवार, तुलूझ-लोत्रेक या सगळ्यांपुढे बसली. रनवारच्या १८८३ च्या ‘बूजिव्हालचं नृत्य’ मधली लाल टोपी घातलेली मुलगी तीच. बसता बसता ती बघत होती. कुठल्या शाळेत गेली नाही, चित्रकारांचे हात बघून शिकली. देगानं तिची रेखाटनं बघितली, विकत घेतली, आणि १८९४ मध्ये सोसिएते नासिओनाल दे बोझार या संस्थेच्या प्रदर्शनात तिची रेखाटनं लागली.

तिचं १९२३ मधलं ‘निळी खोली’ माझ्या फार जवळचं आहे. पलंगावर एक भरदार बाई पहुडली आहे. पोज जुनीच, शेकडो वर्षं चालत आलेली. पण तिच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांची सैल विजार आहे, ओठांत सिगारेट आहे, पायाशी पुस्तकं आहेत, आणि ती आपल्याकडे बघत नाही. पहिल्यांदा ते चित्र बघितलं तेव्हा माझी पाठ आपोआप सैल झाली. ती बाई खरोखर आरामात आहे. भार सगळ्या अंगावर सारखा पसरलाय, कोपराखाली आधार आहे, कुठे ताण नाही. ज्यानं स्वतः तासन्‌तास आडवं पडून काढलेत तोच मॉडेलला असं बसवतो. असं मी नेहमी म्हणतो, आणि कुणा विद्यार्थ्यानं मला पोज देण्याआधी ती स्वतः दोन मिनिटं करून बघितली तर त्याचं चित्र बरं होतं, हे मी पुष्कळदा बघितलंय.

एका बाबतीत मला अजिबात मऊ बोलायचं नाही. मुलांबाबत. ड्रेस्डेनमधल्या ब्र्यूके गटाच्या चित्रकारांनी, किर्शनर आणि त्याच्या सोबत्यांनी, १९०९ ते १९११ या काळात फ्रेंझी नावाच्या मुलीला पुन्हा पुन्हा रंगवलं, नग्नही. सुरुवातीला ती जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. तिचं खरं नाव लीना फ्रांत्सिस्का फेरमान, जन्म १९००. हे उजेडात यायला १९९५ उजाडलं. तोपर्यंत ती नुसती फ्रेंझी होती, मुक्त, निसर्गात रमलेली वगैरे. फ्रेंच चित्रकार गोगँनं ताहिती बेटावर १८९२ मध्ये रंगवलेली तेहामाना सुमारे तेरा वर्षांची होती. अशा चित्रांशेजारी वय लिहा. ठळक लिहा. रंगांच्या धिटाईबद्दल चार ओळी लिहायला जागा असते, तर एका आकड्यालाही असते. मी मोठा माणूस आहे, बसायचं की नाही हे मी ठरवतो, दमलो की उठतो. ते मूल कुणाला ‘आता पुरे’ म्हणणार होतं?

मग पैसा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या पिगाल चौकात कारंज्याभोवती मॉडेलांचा बाजार भरायचा, त्यांत इटलीहून आलेली गरीब कुटुंबं पुष्कळ असायची. चित्रकार यायचे, चेहरे बघायचे, निवडायचे. मोदिग्लियानीची नग्नचित्रं १९१७ मध्ये प्रदर्शनाच्या काचेत दिसली म्हणून पोलिसांनी हरकत घेतली. ती चित्रं करवून घेणारा विक्रेता झ्बोरोव्स्की चित्रकाराला दिवसाचे १५ ते २० फ्रँक द्यायचा आणि बसणाऱ्या बाईला ५. त्यांतलं एक चित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १७ कोटी ४ लाख डॉलरला गेलं. ब्रिटिश चित्रकार लुशियन फ्रॉइडपुढे बसलेली सू टिली दिवसा सरकारी भत्त्यांच्या कचेरीत काम करायची. बसायचे तिला सुरुवातीला दिवसाला २० पौंड मिळत. १९९५ च्या त्या चित्राला चित्रकारानं तिच्या कचेरीतल्या हुद्द्याचं नाव दिलं, तिचं दिलं नाही, आणि २००८ मध्ये ते ३ कोटी ३६ लाख डॉलरला विकलं गेलं. लिलावाच्या पैशांत आम्हाला वाटा द्या असं मी इथे मागत नाही, तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण चित्राची किंमत बातमीत येते तेव्हा बसण्याचा दर पाटीवर यायला हरकत काय?

पॅरिस शहराच्या चित्रकला वर्गांत एक जुनी रीत होती. वर्ग सुटला की चित्रकलेच्या कागदाचा सुरळी करून कोन दारात ठेवायचा आणि विद्यार्थ्यांनी जाता जाता त्यात मॉडेलसाठी नाणी टाकायची. २००८ मध्ये शहराच्या प्रशासनानं ती रीत बंद केली. त्या डिसेंबरात मॉडेल मंडळी शहराच्या संस्कृती विभागासमोर भर थंडीत उघड्यानं उभी राहिली. पगार तुटपुंजा, त्यात ती नाणीही गेली. त्या फोटोंत मला काय दिसलं सांगू? ते सगळे पोजमध्ये उभे होते. निदर्शनातसुद्धा आम्हाला दुसरं काही येत नाही, आणि तेच पुरेसं होतं.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, चित्र हे चित्र असतं, रंग आणि आकार. त्यात कोण बसलं होतं यानं बघण्यात काय फरक पडतो? सेझान सफरचंदाबद्दल बोलला ते याच अर्थानं. मी तो विचार हलक्यानं घेत नाही. चौथऱ्यावर असताना मलाही बरं वाटतं की समोरचा माझ्याकडे उतार, सावली, वजन म्हणून बघतोय. त्या बघण्यात एक प्रकारची सभ्यता असते. पण तो विचार चित्रकारानं काम करताना करायचा. संग्रहालयानं नोंद ठेवताना नव्हे. तसं न झाल्यामुळे कुठवर मजल जाते तेही आपण बघितलंय. १९६० मध्ये फ्रेंच कलाकार ईव्ह क्लायननं पॅरिसमध्ये निमंत्रितांसमोर तरुणींना अंगाला निळा रंग लावून कागदावर उमटायला सांगितलं. स्वतः औपचारिक पोशाखात उभा राहून सूचना देत होता, आणि त्यांना तो ‘जिवंत ब्रश’ म्हणायचा. ब्रशचं नाव कोण लिहितो?

दुसरी हरकत जास्त खरी आहे आणि ती माझ्यावरही लागू होते. सगळ्यांना नाव नको असतं. या पत्राखाली माझं नाव नाही. माझ्या आईला मी काय काम करतो ते अर्धंच माहीत आहे, आणि ती असेपर्यंत ते अर्धंच राहावं असं मला वाटतं. एकदा एका संस्थेच्या प्रदर्शनात माझं चित्र लागलं, न विचारता माझं पूर्ण नाव खाली छापलेलं होतं, आणि महिनाभर मला नातेवाइकांचे फोन टाळावे लागले. तेव्हा जिवंत मॉडेलला विचारा. तो नको म्हणाला तर ‘नाव मॉडेलच्या इच्छेवरून दिलेलं नाही’ असं लिहा. त्या वाक्यातसुद्धा एक माणूस आहे, त्याची इच्छा आहे. आणि जे गेलेत, ज्यांची नावं वह्यांत, पत्रांत, हिशेबाच्या कागदांत पडून आहेत, ती बाहेर काढा. नाव सापडत नसेल तर सापडत नाही असं लिहा. रिकामी ओळ दिसू दे. ती दिसली तरच कुणीतरी तरुण अभ्यासक उद्या ती भरायला बसेल, लोरच्या बाबतीत झालं तसं.

भाषणं, परिसंवाद, मॉडेलांवरची खास प्रदर्शनं हे सगळं होऊ दे, पण ते संपतं आणि पाटी उरते. म्हणून माझं मागणं पाटीपुरतंच ठेवतो. चित्रकाराच्या नावाखाली, माध्यमाच्या आधी, ‘बसलेले’ या शब्दानं सुरू होणारी एक ओळ. नमुन्यादाखल दोन लिहून देतो. अक्षरांचा आकार देणगीदाराच्या नावाएवढा असला तरी चालेल.

‘ऑलिंपिया’साठी:
बसलेल्या: व्हिक्टोरीन म्युराँ (१८४४–१९२७), मॉडेल आणि चित्रकार, लोर, मॉडेल, राहणार र्‍यू व्हँतिमिय ११, तिसरा मजला, पॅरिस.

मोदिग्लियानीच्या लिलावात गेलेल्या त्या चित्रासाठी:
बसलेली: नाव नोंदलेलं नाही. बसण्याचा मोबदला ५ फ्रँक.

आपला,
एक मॉडेल